पोचल्याचे कळवावे

मनीऑर्डरच्या फॉर्मला एक पट्टी जोडलेली असायची. पैसे पाठवणाऱ्याने घेणाऱ्याला चार ओळी लिहाव्यात म्हणून टपाल खात्याने सोडलेली जागा. पोस्टमन दारात नोटा मोजून द्यायचा आणि ती पट्टी फाडून हातात ठेवायचा. माझे आबा मुंबईत गिरणीत आणि आजी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. तीसेक वर्षांच्या त्यांच्या संसारात एकमेकांना जे काही लिहून कळवलं गेलं, ते सगळं या पट्टीवर मावलं.

प्रेमाबद्दल कुणी बोलायला लागलं की मला ती पट्टी आठवते. प्रेम म्हणजे बोलणं, कबूल करणं, पुन्हा पुन्हा सांगणं असं आपण धरून चालतो. ज्यांना बोलायची सोयच नव्हती त्यांच्या वाट्याला ते आलंच नाही का? आलं, आणि फार मोठं आलं, असं मला आता वाटतं. पण ते ओळखायला मला बरीच वर्षं लागली, कारण ते प्रेम म्हणून पुढे येतच नव्हतं. कधी ते चाळीस रुपये म्हणून यायचं, कधी बैलाची चौकशी म्हणून.

पैसे माझ्या पणजोबांच्या नावाने येत. त्यांना घरात सगळे दादा म्हणत. म्हणजे पट्टीवरचा मजकूरही दादांनाच: 'ती. दादांस शि. सा. नमस्कार. रुपये चाळीस पाठविले आहेत, पोचल्याचे कळवावे. पाऊसपाणी कसे आहे. बैलांना पेंड घालावी. घरात सर्वांनी तब्येतीस जपावे.' पोस्टमन हे ओसरीवर मोठ्याने वाचायचा. दादा मान हलवायचे, शेजारचे दोघे-तिघे ऐकायचे. आजी आत, माजघराच्या दाराआड. तिच्यासाठी जे काही होतं ते त्या शेवटच्या वाक्यात, 'सर्वांनी'मध्ये. त्यात सासू होती, दीर-जावा होत्या, पोरं होती, आणि कुठेतरी तीही होती. हे मला तिनेच पुढे सांगितलं, अगदी सहज, हातातलं काम न थांबवता.

भारतात मनीऑर्डर टपाल खात्याने १८८० साली सुरू केली आणि ती जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. या मधल्या काळात मुंबईच्या गिरण्यांतून सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या डोंगराळ गावांत किती पैसा गेला असेल! आमच्या खोऱ्यातल्या घरांवरची कौलं, पोरींची लग्नं, जमिनीचे सारे, दवाखाने, सगळं त्यावर झालं. कावसजी दावर यांची, मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला चालू झाली, आणि तेव्हापासून आमच्याकडचे गडी बोचकं बांधून निघाले ते निघालेच. बायका मात्र मागे राहिल्या. खोलीचं भाडं परवडत नव्हतं, हे खरंच. पण गावच्या जमिनीला, म्हाताऱ्यांना आणि गुरांना हातही हवे होते. मुंबईने पुरुषाचे हात घेतले, गावाने बाईचे ठेवून घेतले. ते दोघं मिळून जे एक घर होतं, त्याचा विचार ना गिरणीने केला ना गावाने.

आबा लालबागला गावकीच्या खोलीत राहत. एकाच गावच्या गड्यांनी मिळून भाड्याने घेतलेली चाळीतली एक खोली. भिंतीला फळी, फळीवर ओळीने पत्र्याच्या पेट्या, खाली वळकट्या. माणसं खोलीत मावत नसत, पाळ्यांमुळे ती मावायची. पहिल्या पाळीचे उठून गेले की तिसऱ्या पाळीचे येऊन त्यांच्याच जागेवर पडायचे. उन्हाळ्यात गॅलरीत, जिन्यात, फुटपाथवर. पेटी तेवढी ज्याची त्याची. त्यात दोन धोतरं, दाढीचं सामान, रेशनकार्डाचा तुकडा, देवाचा फोटो.

आणि पावत्या.

मनीऑर्डरच्या फॉर्मला आणखी एक भाग असे. पैसे घेणाऱ्याने त्यावर सही करायची किंवा अंगठा उठवायचा, आणि तो तुकडा टपालाने उलटा पाठवणाऱ्याकडे जायचा. पोचपावती. १९७२ च्या दुष्काळात दादा गेले. त्यानंतर पैसे आजीच्या नावाने यायला लागले, आणि दर महिन्याला आजीच्या डाव्या हाताचा अंगठा मुंबईला जायला लागला. जांभळ्या शाईत बुडवलेला, शेण-मातीने रेषा झिजलेला, कधी नीट उठलेला, कधी फरफटलेला. लग्नाला तोवर वीसहून अधिक वर्षं झाली होती, आणि तिच्या हातचं काही कागदावर त्यांच्यापर्यंत पोचायची ती पहिलीच वेळ. आबा गेल्यावर त्यांची पेटी उघडली तेव्हा त्या पावत्या सुतळीने बांधलेल्या सापडल्या. वरची सुतळी नवी होती. मधूनमधून सोडून पुन्हा बांधत असणार.

आजीने जपलेल्या पट्ट्या मात्र राहिल्या नाहीत. त्या ती तुळईला टांगलेल्या तारेत टोचून ठेवायची. चुलीच्या धुराने त्या आधी पिवळ्या, मग तपकिरी झाल्या. घराची कौलं बदलायला काढली त्या वर्षी पावसाने भिजून त्यांचा लगदा झाला. आजीने तो गोळा उचलून परसात जास्वंदीच्या मुळाशी पुरला आणि कामाला लागली.

मी वाचायला शिकले तेव्हा पट्ट्या वाचायचं काम माझ्याकडे आलं. वडील नोकरीनिमित्त तालुक्याच्या गावी, शनिवारी घरी येत. पोस्टमन ओसरीवर एकदा वाचून जायचा, आणि संध्याकाळी चुलीपुढे आजी पट्टी माझ्या हातात द्यायची. 'पुन्यांदा वाच.' मी वाचायचे. रुपये साठ पाठविले. पोचल्याचे कळवावे. दूध डेरीला घालण्यापेक्षा पोरांना पाजावे. कौलं शाकारून घ्यावीत. तब्येतीस जपावे. आता 'सर्वांनी' गळालं होतं. मायना मात्र काहीच नसायचा, कुणाला लिहिलंय त्याचं नाव नाही, नमस्कार नाही, आशीर्वाद नाही. मी एकदा विचारलं, 'आजी, यात तुझं नाव का नाही?' ती म्हणाली, 'कुनाला लिवलंय ती मला ठावं हाय. तू वाच.'

पोस्टमनसमोर, गावासमोर वाचलं जाणार हे आबांना माहीत होतं. नात वाचणार हेही पुढे कळलं असेल. म्हणून ते जे लिहीत ते चार माणसांत ऐकता येईल असंच असे. आजीला तेही माहीत होतं. त्यामुळे ती शब्दांपेक्षा आबा कधी काय विचारतात याकडे लक्ष ठेवायची. एका पट्टीत 'रात्री परसात जाताना कंदील न्यावा' असं होतं. आदल्या आठवड्यात शेजारच्या वाडीत बाईला फुरसं चावलं होतं आणि ती बातमी मुंबईच्या खोलीत पोचली होती. ते वाक्य आजीने मला किती वेळा वाचायला लावलं! दिवाळी येऊन गेली तरी ती तारेतून तीच पट्टी काढून आणायची.

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या खोऱ्यातल्या प्रत्येक घराला वेगवेगळा आठवतो. पहाटेचे चार वाजून गेलेले. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, हजारो घरं पडली. मुंबईतही धक्का बसला, माणसं चाळींतून खाली धावली. आबांच्या खोलीत सकाळपर्यंत एवढंच कळलं की कोयनेला झालंय. मग कुणीतरी बातमी आणली, धरण फुटलं. धरण फुटलं नव्हतं, त्याला तडे गेले होते. पण ते नंतर समजलं. आबा त्या क्षणी निघाले. गिरणीत सांगायला थांबले नाहीत. पगार नुकताच झालेला, मनीऑर्डर शनिवारी रवाना केलेली, त्यामुळे खिशात काही नाही. मनीऑर्डरही वाटेत आणि माणूसही वाटेत. मिळेल त्या एसटीने, ट्रकने कराडपर्यंत, आणि तिथून पाटणच्या बाजूला बरंचसं पायी.

आमच्या घराची एक भिंत पडली होती. सगळे खळ्यावर, उघड्यावर, डिसेंबरच्या थंडीत. आबा पोचले तेव्हा दिवस मावळत होता. आजी सांगायची, ते बांधावर उभे राहिले आणि त्यांनी लांबूनच डोकी मोजली. मोजताना ओठ हलत होते. मग खाली आले, दादांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि आजीकडे न बघता विचारलं, 'म्हशीचं काय झालं?'

'मला असा राग आला,' आजी म्हणायची, 'दोन दिस पोरं कवळून बसले व्हते मी, आन् ह्यो मानूस म्हस ईचारतोय!' मग थोड्या वेळाने: 'पर मी बगितलं, त्येंच्या पायातली एक व्हाण तुटल्याली. तसंच आल्यालं.'

आईबापांदेखत बायकोची खुशाली विचारणं त्या काळी आमच्याकडे बसत नव्हतं. म्हशीची विचारता येत होती. हा सगळा प्रसंग आजीने मला आयुष्यात अनेकदा सांगितला, आणि दर वेळी म्हशीपाशी आली की ती रागवायची आणि वहाणेपाशी आली की गप्प व्हायची. तो राग तिने शेवटपर्यंत सोडला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिला समजत होतं की ते विचारू शकत नव्हते. पण विचारायला हवं होतं, हेही तिला तितकंच वाटत होतं.

म्हणूनच या सगळ्याला मी सुंदर म्हणणार नाही. न बोललेल्या प्रेमाचे गोडवे गाणारं लिखाण मी पुष्कळ वाचलं आहे आणि ते वाचताना मला आजीचा चेहरा दिसतो. तरुणपणाची सगळी वर्षं तिला नवरा वर्षातून दोनदा भेटला, यात्रेला आणि सुगीला. त्याच्या कमाईचा पैसा तिच्या हातात यायला सासरा मरावा लागला. तिला ताप भरला, गर्भ पडला, पोर दगावलं, यातलं काही त्या पट्टीवर बसणारं नव्हतं. हे तिच्यावर लादलं गेलं होतं. लादलेल्या गोष्टीतही ती दोघं एकमेकांना धरून राहिली हा त्यांचा मोठेपणा, त्या व्यवस्थेचा नव्हे.

आणि सगळेच धरून राहिले असंही नाही. मुंबईत दुसरं घर केलेले गडी आमच्या वाडीतही होते. आधी पैसे कमी व्हायचे, मग एका महिन्याआड यायचे, मग बंद. कुणी काही बोलायचं नाही. त्या घरातली बाई पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकली की आत निघून जायची. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. बायका एकमेकींत जे बोलू शकत नव्हत्या ते जात्याशी बोलत. माझ्या आजीच्या ओव्यांत विठ्ठल यायचा, भाऊ पुन्हा पुन्हा यायचा, भावाची बैलगाडी, भावाचा शेला. नवरा क्वचितच. आणि आला की तो लांबच्या रस्त्यावर असायचा, पाठमोरा.

आजीच्या मनातही एक काटा होता. खानावळवाली.

आबा ज्या मावशींकडे जेवत त्या आजऱ्याकडच्या. नवरा गिरणीतच होता, लवकर गेला, आणि मावशींनी दहा बाय दहाच्या खोलीत खानावळ चालवून पोरं वाढवली. गिरणगावात अशा बायका हजारांनी होत्या. पहाटेच्या भोंग्याआधी उठून भाकऱ्या थापायच्या, पाळीप्रमाणे डबे भरायचे, आणि जिन्नस सावकाराकडून किंवा वाण्याकडून उधारीवर आणायचे, कारण गडी पैसे देणार ते पगाराला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळायची वाट काढली. तोवर यांच्या अन्नावर मुंबईचा कापडधंदा चालत होता आणि यांची कुठल्याही हजेरीपटावर नोंद नव्हती.

आजीला हे काही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की आपल्या नवऱ्याला दोन वेळचं गरम जेवण दुसरी एक बाई वाढते. त्याला किती तिखट चालतं, ताक लागतं की नाही, आजारी पडला तर पेज कोण देतं, हे त्या बाईला ठाऊक आहे आणि आपल्याला नाही. सुगीला आबा आले की आजी पानात वाढताना हात आखडायची. वाढलेलं आवडेल की नाही याची तिला धास्ती असे. स्वतःच्या नवऱ्याच्या बाबतीत! विरह म्हणून संतांपासून सगळ्यांनी पुष्कळ सांगितलंय. पण माणूस समोर पाटावर बसलाय आणि त्याची जीभ आपल्याला माहीत नाही, या दुःखाला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप मागे घेतला असं आजतागायत कुणी जाहीर केलेलं नाही, तो विरून गेला आणि त्यात माणसं विरून गेली. आबा तेव्हा पन्नाशीच्या पुढे. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, इतकी वर्षं काढलेली. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणून खोलीवरच राहिले. मनीऑर्डर बंद झाली. पावसाळा संपता संपता ते गावी आले, पेटी घेऊन. पेटी घेऊन आले म्हणजे काय, ते आजीला विचारावं लागलं नाही.

संसाराच्या इतक्या वर्षांनी ती दोघं एका छपराखाली आली, आणि आबांना झोप लागेना. रात्री उठून ओसरीवर बसायचे. आजीला वाटलं गिरणी गेल्याचं दुःख. ते होतंच. पण दिवाळीनंतर एका रात्री त्यांनी सांगितलं की मावशींचे अकराशेवर काही रुपये देणं आहे. संपाच्या काळात त्यांनी पैशावाचून जेवू घातलं. एकट्या आबांना नाही, पन्नासेक गड्यांना. मंगळसूत्रातले मणी मोडले, भांडी मोडली, वाण्याची बोलणी खाल्ली. निघताना आबा हिशेब विचारायला गेले तर म्हणाल्या, 'गिरणी चालू झाली की बघू.' गिरणी चालू होणार नाही हे तेव्हा दोघांनाही कळत होतं.

मी त्या काळी हायस्कूल संपवून घरीच होते. माझ्यासमोर हे बोलणं झालं. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'कागुद हाय?' म्हणजे देणं कुठे लिहिलेलं आहे का. आबा म्हणाले, 'न्हाई.' आजी म्हणाली, 'मग तर द्यायाच पायजे.'

हे वाक्य मी आजवर कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. कागद असता तर कागदाने मागितलं असतं. कागद नाही, साक्षीदार नाही, ती बाई कधी दारात येणार नाही, आणि तिच्याकडे जेवलेल्या पन्नास जणांपैकी बहुतेक जण देऊ शकणार नव्हते. न दिलं तर बोट दाखवणारं कुणी नव्हतं. माणसाच्या आत जे काही बसलेलं असतं, ज्याला पुस्तकात सदसद्विवेक म्हणतात आणि आमच्याकडे नुसतं मन, ते अशाच वेळी बोलायला लागतं. आबांचं मन त्यांना खात होतं. पण देण्याचा निर्णय आजीने घेतला. मावशींबद्दल तिच्या पोटात काटा होता, तिनेच. दोन शेळ्या विकल्या आणि पहिली मनीऑर्डर गेली. उलटी. गावातून मुंबईला.

फॉर्म मी भरला. पट्टीवर काय लिहू असं विचारलं तर आबांनी आजीकडे बघितलं. आजीने सांगितलं, मी लिहिलं: 'तुम्ही आमच्या माणसाला जेवू घातले. रुपये शंभर पाठविले आहेत, राहिलेले पाठवू. पोचल्याचे कळवावे.' महिन्याभराने पावती आली. मावशींना सही येत होती. आजीने ती पावती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, 'शिकल्याली दिसतीया.' त्या संध्याकाळी ती कुणाशीच फारसं बोलली नाही. पुढे भुईमुगाचे आले की पन्नास, दुधाचे साठले की तीस, असं दोन-तीन वर्षं चाललं. फिटलं तेव्हा आबांनी विठोबाला नारळ फोडला, आणि त्यानंतर मी त्यांना रात्री ओसरीवर बसलेलं पाहिलं नाही.

पुढे मी बँकेत लागले. कराडला होते तेव्हा दर महिन्याच्या सुरुवातीला काउंटरवर फरशी बसवणारे, रंगारी, सेंटरिंगवाले यायचे. बिहार, उत्तर प्रदेश, बंगालकडचे. घरच्या खात्यात रोख भरायला. स्लिप माझ्याकडूनच भरून घ्यायचे आणि शिक्का मारून दिला की हमखास विचारायचे, 'मॅडम, पोहोचले का?' संगणकावर त्याच क्षणी जमा झालेले असत. तरी विचारायचे. आता फोनवरून पाठवतात, काउंटरवर गर्दी नसते, पण फोन कानाला लावून तोच प्रश्न रस्त्यावर ऐकू येतो. त्यांच्यातल्या अनेकांच्या बायकांची खाती स्वतःच्या नावावर आहेत. पैसे सासऱ्याच्या हाताखालून येत नाहीत. एवढं तरी बदललं याचा मला मनापासून आनंद आहे.

या मुलांबद्दल आमच्याच गावची माणसं जेव्हा म्हणतात की एका खोलीत दहा-दहा राहतात, घाण करतात, हाकलून द्या यांना, तेव्हा मला अतिशय वाईट वाटतं आणि मी ते बोलून दाखवते. आपले आजे-पणजे लालबाग-परळला कसे राहत होते? त्यांना कुणी जेवू घातलं? खाल्ल्या मिठाला जागायचं तर ते फक्त त्या एका मावशीपाशी फिटत नाही. परक्या मुलखात राबणाऱ्या प्रत्येक माणसाचं आपण काही देणं लागतो, आणि त्याचाही कुठे कागद नाही.

आबा गेल्यानंतर काही वर्षांनी आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मुंबईत करायचं ठरलं. उतरलो डोंबिवलीला नातेवाइकांकडे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने हट्ट धरला, लालबागला जायचं. गिरण्या बंद, चिमण्या थंड, पण चाळ होती आणि मावशीही होत्या. खानावळ बंद झाली होती. दमा लागला होता. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी आजीला हात धरून आत नेलं आणि म्हणाल्या, 'वैनी, या. भाऊंची जागा ही, या भिंतीला टेकून बसायचे.'

वैनी. भाऊ. आजी त्या जागेकडे बघत राहिली. मग खाली बसली, तिथेच, भिंतीला टेकून.

दोघी बराच वेळ बोलत होत्या. वांगं आबांना चालत नव्हतं, अंगाला खाज सुटायची, हे आजीला तेव्हा कळलं. इतकी वर्षं ती सुगीला मुद्दाम भरली वांगी करत आली होती आणि आबा निमूट खात आले होते. तिने दोन्ही हात कपाळाला लावले. मग पदर सारखा केला आणि मला अपेक्षा नव्हती तो प्रश्न विचारला.

'माजी आठवन काडायचं का ओ कदी?'

मावशींनी लगेच उत्तर दिलं नाही. हो म्हणून टाकणं किती सोपं होतं. समोर म्हातारी बाई, नवरा गेलेला, उद्या ऑपरेशन. कुणीही हो म्हटलं असतं. मावशी म्हणाल्या, 'नाही वैनी. तोंडानं कधी नाव काढलेलं मी नाही ऐकलं. भाऊ बोलायचेच नाहीत.' आणि थोडं थांबून, 'पण भूकंप झाला ना तुमच्याकडे, तवा सकाळी माझं दार वाजवलं. पैसे द्या म्हणाले. काय झालं विचारलं तर बोलता येईना, नुसतं घर, घर म्हणत होते. माझ्याकडं वीस रुपये होते ते दिले. चहा केलेला, तो पण न घेता पळाले.'

आजीने हे सगळं नीट ऐकलं. डोळे पुसले. मग एकदम सरळ होऊन बसली.

'त्ये ईस रुपय दिलं का त्येंनी माघारी?'

'दिले की! आल्या आल्या दिले.'

'न्हाई, मला त्येंनी सांगितलं न्हवतं,' आजी म्हणाली, 'म्हनून ईचारलं.' आणि मावशींनी पुढे केलेली चहाची बशी तिने हातात घेतली.